फोनची बटणं काळी काऊन झाली

ऐका बापा. तलावाच्या पाण्याची आन, भिवसन देवाची आन आणि माझ्या तोंडात उरलेल्या तीन दातांची आन घेऊन सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. ज्याले खोटं वाटंल त्यानं आताच उठून जावं. चहा त्याले भेटणार नाई.

१

पोळ्याले दोन दिवस होते. कुंताबाईनं पंधरा दिवसांनी सकाळीच फळीवरचा पत्र्याचा डबा काढला, डब्यातून मोबाईल काढला आणि बटण दाबून धरलं. फोन जागा झाला. दर वेळी जागा झाला की तो चार आकड्यांचा गुप्त नंबर मागे. आज त्यानं भलतंच काही इंग्रजीत लिहिलं. कुंतानं आपला नंबर दाबला, फोननं नाई म्हटलं. परत दाबला, परत नाई. तिनं फोनच्या पाठीत दोन बुक्क्या घातल्या, बॅटरी काढून पदराले पुसली, तिच्यावर फुंकर मारली. फोन म्हणे नाईच.

"रांडेच्या!" कुंता फोनले म्हणाली. "तुह्यावरून काय कोंबडी-भात ओवाळू का?"

शेवटी तिनं शेजारच्या निकेशले हाक मारली. निकेश म्हणजे गावातला मोबाईलचा डॉक्टर. त्याच्याजवळ सोताचा मोबाईल नव्हता, पण डॉक्टरले सोताले रोग असावाच लागते असं थोडंच आहे.

निकेशनं फोन उलटा पाह्यला, सुलटा पाह्यला. "काकू, सिम ब्लॉक झालं."

"मराठीत सांग."

"कुलूप लागलं. कोनी तरी तीनदा चुकीचा नंबर दाबला. आता थो दुसराच नंबर मागून राह्यला, आठ आकडी. सिम ज्या प्लास्टिकच्या कार्डातून तोडून काढलं, त्या कार्डावर लिवला रायते. कुठी हाय थे कार्ड?"

"डब्यात. माहा प्रफुल म्हनला होता जपून ठेव, म्हनून डब्यातच ठेवलं."

कुंतानं डबा उपडा केला. एक रबर पडलं, दोन मेलेली झुरळं पडली. कार्ड नाई.

२

आता या फोनसाठी कुंताचा जीव इतका काऊन अडकला, ते ऐका.

तिचा नवरा केवळराम जातीचा ढिवर, तलावात फेकजाळं टाकून मासे धरणारा. त्याचं जाळं त्याच्या बापानं विणलं होतं. पोरगा प्रफुल, चोवीस वर्साचा घोडा, त्यानं ते जाळं बापाले न विचारता विकलं आणि हा मोबाईल आणला. म्हणे जगाले जोडून राहू. त्या दिवशी बापलेकात असा कल्ला झाला की तलावातले बगळे उडून गेले. केवळरामनं ओंजळीत तलावाचं पाणी घेऊन साऱ्या गावासमोर शपथ घातली, "या डब्ब्याले हात लावीन त मले जलमभर मासा लागू नाई!" प्रफुल त्याच पावली घर सोडून गेला. फोन मात्र आईजवळ ठेवून गेला.

तवापासून तो कुठल्या कुठल्या एसटीडीवरून फोन करे. कुठी हायेस विचारलं की म्हणे, "हाय कुठी तरी, चुन्याच्या खदानीत." बस. गावात रेंज एकाच जागी येई, तलावाच्या पाळीवर बेहड्याच्या झाडापाशी. फोनचा टाइम झाला की कुंता प्लास्टिकच्या पन्नीत घालून फोन फांदीले टांगे आणि खाली बसून राहे.

मागच्या खेपेले प्रफुल म्हणाला होता, "आई, ठेकेदार गुजरातले नेऊन राह्यला. पोळ्याच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीले फोन करतो. बाबा एक शब्द बोलले त घरी येतो. फोन नाई लागला, नाई त बाबा नाई बोलले, त समजीन का मी त्यायले मेलो. मंग गुजरातच."

केवळरामले हे सांगितलं तवा तो उठून पाळीकडं निघून गेला. कुलूप लागलेल्या दाराले विचारावं तसं होतं ते.

आणि आता फोनलेच कुलूप. कुंता फोन पदरात बांधून पहिल्या यष्टीनं मूलले, तालुक्याच्या गावाले, गेली. दुकानदारानं कंपनीले फोन लावला. तिकडून बाई गाणं ऐकवे, मंग एक दाबा म्हणे, मंग दोन दाबा म्हणे, मंग परत गाणं.

"बाई, सिम कोणाच्या नावावर आहे?" दुकानदारानं विचारलं.

"पोराच्या."

"मग पोराले घेऊन या. त्याचं ओळखपत्र लागते."

"पोराले आनाले त फोन पायजे ना!"

"फोन सुरू कराले पोरगा पायजे."

"अन् पोरगा येवाले फोन पायजे!"

"ते बरोबर आहे बाई," दुकानदार म्हणाला, "पण पोराशिवाय होत नाई."

कुंताले वाटलं याले तिथंच काउंटरवर आडवा करावा. तो फोन न्याहाळत होता. "बटणांवर हे लालसर काय लावलं वो? आणि अजून एक. आठ आकडी नंबर दहादा चुकला की सिम कायमचं मरते. इथं कोणी तरी अंदाजे ठोकून ठोकून नऊ मौके घालवले. आता एकच उरला."

३

यष्टीत परत येताना कुंता दात खात होती. बटणांवर लाल. म्हणजे ज्यानं फोनले हात लावला त्याचे हात लाल असतील. घरी जाऊन लाल हाताचा माणूस धरायचा, बस. सोपं काम.

सोपं कसलं! दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहते तर पोळ्याच्या धामधुमीत अर्धं गाव लाल.

पहिले निकेशच्या गोठ्यात गेली. तो बैलाच्या शिंगाले गेरू लावून राह्यला होता. कोपरापर्यंत लाल.

"डॉक्टर! नऊ मौके कोनं घालवले?"

निकेशचा चेहरा गेरूसारखा झाला. "काकू, तुमी काल डबे उपडे करून राह्यल्या होत्या ना, तवा म्या म्हटलं मदत करावं... माह्या वाढदिवसाचे आकडे टाकले. मंग आईच्या. मंग बैल घेतला थ्या तारखेचे..."

"प्रफुलचं सिम तुह्या बैलाच्या तारखेनं उघडन का बे, गधड्या?"

"पन पयले कुलूप म्या नाई लावलं! भिवसनाची आन! तुमी हाक मारली तवा थे लागलंच होतं. अन् गेरू म्या आज कालवला."

हे खरं होतं. गेरूची पुडी कालच कुंताच्या समोर मूलवरून यष्टीत आली होती. तरी तिनं बैलाचंच शिंग वाकवल्यासारखा त्याचा कान पिळला.

मंग घरी आली. तिची पोरगी रिंकू पोळ्याले सासरहून माहेरी आली होती, अंगणात बसून हाताले मेंदी. कुंतानं तिचा पंजा धरून फोनशी ताडून पाह्यला.

"आई, काय याड लागलं का? मेंदी कातडीले रंगते, प्लास्टिकले नाई रंगत. पाय," म्हणून तिनं ओला हात खाटेच्या प्लास्टिकच्या पट्टीले घासला. पाण्यानं धुतली तर पट्टी कोरीच्या कोरी. "अन् म्या काऊन लावू फोनले हात? आधीच बाबा माह्याशी बोलत नाई."

"काऊन?"

"आली थ्या दिवशी चूल पेटवाले एक बांबूची कांडी घेतली. थे बाबाची जाळं विनाची पट्टी होती म्हने! मले काय मालूम? जाळं त घरात नाई, पट्टी ठेवून का कराचं होतं?"

"तुह्या बापाचं सारं तसंच," कुंता म्हणाली. "जाळं इकलं तवापासून दुसऱ्याचं जाळं मागून मासे धरे, आता दहा दिवस झाले तलावात उतरला नाई. म्हने आंग दुखते. दिवसभर पाळीवरच्या गवताच्या खोपडीत ऐनाच्या सालीचा काढा उकळवत बसते. म्हने गुडघ्याले लावतो. इथी माहा पोरगा हातचा चालला, अन् याचे गुडघे!"

आता राह्यला एकच. मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष, गुणवंतराव. प्रफुल गेला तर तलावातला त्याचा वाटा कोणाले द्यायचा, हे गुणवंतरावच्या हातात होतं, आणि गुणवंतरावले एक पुतण्या होता. शिवाय मागच्या आठवड्यात तो घरी येऊन विचारून गेला होता, "कुंता, तुह्या फोनले गुप्त नंबर हाय म्हनते. थो कसा टाकाचा रायते वो?"

४

गुणवंतराव चावडीसमोर फेऱ्या मारत होता. एका हातात तंबाखू-सुपारीचा खर्रा, एका हातात मोबाईल, कानाले लावलेला. "हो साहेब... नाई साहेब... गडचिरोलीले मीटिंग हाय, मंगळवारी पाहू साहेब..."

कुंता समोर कमरेवर हात ठेवून उभी. साहेब काही संपेना. गावात रेंज फक्त बेहड्याच्या झाडापाशी येते, आणि हा चावडीसमोर साहेबाशी बोलून राह्यला! कुंतानं झडप घालून त्याच्या हातातून फोन घेतला, पाठीमागचं झाकण उघडलं. आत बॅटरी नाई. सिम नाई. आत कापूस भरला होता, वजन यावं म्हणून.

"अध्यक्षसाहेब, मंगळवारी कापसाची मीटिंग का?"

गुणवंतरावनं इकडं तिकडं पाह्यलं. "हळू बोल कुंता, माहा इज्जतीचा सवाल हाय. पुतन्यानं चंद्रपूरवरून आनून देल्ला. म्हने सिम मंग घेऊ. चार महिने झाले. म्हनून म्या तुले इचारलं कसं चालवते म्हून. शिकून ठेवावं म्हटलं."

"अन् माहा फोन?"

"तुह्या घरात पाय ठेवाची माही हिंमत हाय का? तुह्या चुलीतलं लाकूड अजून ध्यानात हाय माह्या."

त्याच्या बोटांकडे पाह्यलं. खर्रा घोटून घोटून चुन्यानं पांढरी झालेली. लालाचा पत्ता नाई.

सारे सुटले. कुंता चावडीपुढच्या हापशीवर जाऊन बसली. सूर्य माथ्यावरून कलला होता. दिवेलागणीले किती वेळ उरला! तिले रडू येईना, नुसती चिड येई. फोनवर चिड, कंपनीच्या गाण्यावर चिड, निकेशच्या बैलावर चिड. "घेऊन जा गे मारबत!" ती ओरडली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इडापिडा अशीच हाकलतात. "हा फोन, हे कार्ड, हा माहा नवरा, सारं घेऊन जा!"

फोन चिकट झाला होता म्हणून तिनं पदर हापशीच्या पाण्यात भिजवला आणि बटणं पुसली. लाल काही निघालं नाई. तिनं फोन मांडीवर ठेवला, तोंडावर पाणी मारलं, घोटभर प्याली. त्या हापशीच्या पाण्याले गंजाची चव. त्यात भात शिजवला की पिवळा होते.

तोंड पुसून तिनं फोनकडं पाह्यलं.

बटणांवरचं लाल काळं पडलं होतं. काजळासारखं काळं.

५

कुंताबाई शाळेत दुसरीपर्यंत गेली. पण जंगलातला हिरडा वेचायले ती पाळण्यातून उतरल्यापासून जाते. हिरड्याचं पाणी लोखंडी कढईत पडलं की शाई होते, हे तिच्या आईनं कढई घासायले लावून लावून शिकवलं होतं.

ती हापशीवर बसूनच बोलू लागली. समोर फक्त एक बकरी होती, पण बकरीनं सारं ऐकलं.

"गेरू असता त पुसल्यावर निंघून गेला असता. मेंदी त बटनाले लागलीच नसती. गंजाच्या पान्यानं काळं काय होते? हिरडा होते. अन् झाडाची साल होते. ऐनाची साल! साल कोन उकळवून राह्यला? गुडघ्याले म्हने! ऐनाच्या काढ्यात कोनाचे गुडघे बरे झाले व आजपर्यंत? त्या काढ्यात ढिवर सूत भिजवते. जाळ्याचं सूत! कुजू नाई म्हनून!"

बकरी गप.

"दहा दिवसांपासून तलावात उतरत नाई. आंग नाई दुखत त्याचं. शपथ मोडली त्यानं! फोनले हात लावला, म्हनून जाळं टाकाले भेते, मासा लागनार नाई म्हून. अन् म्या साऱ्या गावाले इचारलं, याले नाई इचारलं. काऊन? का शपथ घेतली होती म्हनून!" कुंता उभी राह्यली. "पन जाळं विनाले पट्टी लागते. पट्टी त रिंकूनं जाळली. मंग हा काऊन... कायनं..."

पुढचं वाक्य तिनं बोललं नाई. ती पाळीकडं पळाली. चप्पल हापशीवरच राह्यली. ती बकरीनं चावली, पण ती गोष्ट वेगळी.

६

खोपडीत केवळराम पाठमोरा बसला होता. मांडीवर लालसर सुताचं नवंकोरं फेकजाळं, निम्म्याच्या वर विणलेलं. डाव्या हातात पट्टी धरून तिच्यावरून सूत फिरवे, गाठ मारे, पट्टी पुढं सरकवे. पट्टीच्या मापानं जाळ्याचे सारे डोळे एकसारखे. पट्टी बांबूची नव्हती. गुळगुळीत, चपटी, प्लास्टिकची.

"प्रफुलचे बाबा. थे काय हाय हातात?"

केवळराम दचकला. "पट्टी हाय."

"कुठून आनली?"

"डब्यात पडली होती. कामाची नव्हती."

"कामाची नव्हती! दोन दिवसांपासून म्या कार्ड कार्ड करून गाव डोक्यावर घेतलं, ऐकू नाई आलं?"

"कार्ड त फोनच्या पोटात रायते म्हने. निकेश सांगे. हे त पट्टी हाय." ढिवराच्या हातात चपटी वस्तू आली की ती पट्टीच. त्यात त्याचा काय दोष? "लय बरी हाय. बांबूपक्षा बरी. सूत अटकत नाई."

कुंतानं हातातला फोन त्याच्या नाकापुढं धरला. "अन् फोनची बटनं?"

त्यानं पट्टी सरकवून आणखी एक गाठ मारली. मंग म्हणाला, "तू चार बटना दाबते, मंग प्रफुल बोलते. म्या दुरून पाहो ना. मले वाटलं त्याचा आवाज आत भरून ठेवला असन. तू बाजारले गेली तवा म्या बी दाबल्या चार. नाई बोलला. परत दाबल्या, परत नाई. तिसऱ्यांदा त फोननं काई तरी मोठ्ठं लिवलं, मले वाटलं म्या मोडला. ठेवून देल्ला."

"अन् हे जाळं?"

"त्यानं इकलं थे आज्याचं होतं. हे त्याचं. त्याच्या हाताच्या मापाचं. येईन त काय हातानं मासे धरन?"

कुंताले हसावं का त्याले जाळ्यात गुंडाळून तलावात टाकावं, समजेना. तिनं कार्ड हिसकून घेतलं, पालथं केलं. सूत घासून घासून आकड्यांची शाई पार उडून गेली होती. कोरी पांढरट पट्टी. मौका एक आणि आकडा एकही नाई.

बाहेर ऊन तांबडं झालं होतं. गावातून बैलांच्या घंटा ऐकू येत होत्या. खांदशेकणीची वेळ झाली होती, पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपानं चोळतात ना, ती.

"रंग उडाला," केवळराम कार्ड उजेडात तिरपं धरून म्हणाला, "पन हे पाय. छापताना दाबलं असन. बोटाले खड्डे लागतात."

खड्डे! भिजल्या सुतानं सालीचा रस कार्डभर घासला होता. वरचा पुसला गेला असंल, पण खड्ड्यात?

"हापशीचं पानी आना!" कुंता ओरडली. "पळा! आता गुडघे दुखले त पाय तोडीन!"

केवळराम पळाला. जवान पोरावानी पळाला. करवंटीत पाणी घेऊन आला. कुंतानं दोन थेंब कार्डावर टाकले. दोघं डोक्याले डोकं लावून पाहत राह्यले. आधी काही नाई. मंग कीडमुंगी निघावी तसे एकेक खड्ड्यातून आठही आकडे काळे होऊन वर आले.

कुंतानं आकडे दाबले. प्रत्येक आकड्याले केवळराम श्वास धरे. शेवटचं बटण दाबलं. फोननं विचार केला, लय विचार केला. मंग नवा गुप्त नंबर मागितला, आणि उघडला.

तिनं फोन पन्नीत घातला, बेहड्याच्या फांदीले टांगला. गावात दिवे लागले. फोन गप. केवळराम झाडाच्या बुडाशी जाळं छातीशी धरून बसला. कुंता म्हणाली, "वाजला त मी नाई उचलनार. शपथ मोडलीच हाय, आता पुरी मोडा."

आणि फोन वाजला.

केवळरामनं पन्नीसकट कानाले लावला, उलटाच. कुंतानं सुलटा केला. तिकडून प्रफुल म्हणाला, "हॅलो? आई?" मंग थांबून, "...बाबा?"

तवाच गावातले लोक आपापल्या बैलाच्या कानात आवतन देत होते, दर वर्षी देतात तसं. केवळरामजवळ बैल नव्हता, ढिवराजवळ कुठला बैल? त्यानं पोराले आवतन दिलं. म्हणाला, "आज आवतन घे. उद्या जेवाले ये."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या यष्टीनं प्रफुल उतरला. बैल तोरणाखालून सुटून पोळा फुटायच्या आत.

अशी ती गोष्ट. आता तुम्ही माझ्याकडं असे पाहून राह्यले, तर सांगूनच टाकते. शपथ तर घेतली होती मी, पण दात तीनच उरले, एखादा गेला तरी चालंल. आकडे खरेच काळे होऊन निघाले. गुणवंतरावच्या फोनात खरंच कापूस होता. एवढी एकच गोष्ट माझ्या पदरची. केवळराम फोनवर आवतन-बिवतन काई म्हणाला नाई. त्याच्या तोंडून शब्दच निघाला नाई. तो नुसता खाकरला, मासे धरायले जाताना दारात खाकरे तसा. एकदाच.

आणि तिकडून प्रफुल म्हणाला, "येतो बाबा."